हाडं ठिसूळ होताना झाडपाल्यावर किती विसंबायचं?

सोसायटीच्या हॉलमध्ये ‘हाडांची मोफत तपासणी’ असं शिबिर लागतं. खुर्चीत बसायचं, टाच एका छोट्या यंत्रात ठेवायची, मिनिटभरात कागद हातात येतो. त्यावर लाल पट्ट्यात उणे दोन, उणे अडीच असा काहीतरी आकडा असतो आणि शेजारच्याच टेबलावर बाटल्या मांडलेल्या असतात. कशात हाडसांधी, कशात सोयाचा अर्क, कशावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढंच ठळक. पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेल्या कितीतरी बायका हाडांच्या औषधोपचाराला इथूनच सुरुवात करतात. घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं, त्या टेबलाबद्दल एवढंच पुरे. बाटलीत जे आहे त्याबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण ते सगळं थोतांड नाही आणि सगळं औषधही नाही.

आधी तो कागद. टाचेची ही तपासणी ध्वनिलहरींवर चालते. पुढची तपासणी कुणाला लागेल हे चाळून काढण्यापुरता तिचा उपयोग आहे, तिच्यावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करत नाहीत. निदानासाठी कंबरेचे मणके आणि खुबा यांचा डेक्सा स्कॅन लागतो. त्यातला टी-स्कोअर उणे १ पर्यंत असेल तर ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधे असेल तर हाडं विरळ व्हायला लागलीत, म्हणजे ऑस्टिओपेनिया. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. रिपोर्ट हातात आला की आधी खुब्याचा आकडा बघा. उतारवयात मणक्यांच्या कडेला वाढलेलं हाडही यंत्र मोजून टाकतं, त्यामुळे मणक्याचा आकडा कधीकधी आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

आता मुद्द्याचं. हाडाची घनता हा नुसता आकडा आहे. तुम्हाला-मला चिंता असते ती हाड मोडण्याची. या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे वैद्यकाला चांगलंच महागात पडून कळलेलं आहे. फ्लोराइड दिल्यावर हाडं दाट होतात असं एके काळी दिसलं होतं आणि डॉक्टर मोठ्या आशेने ते देऊ लागले होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मग ऑस्टिओपोरोसिस असलेल्या २०२ स्त्रियांवर चार वर्षं रीतसर चाचणी केली. तिचे निष्कर्ष १९९० साली आले. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली होती. पण मणके मोडण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही, आणि हातापायांची व खुब्याची हाडं तर फ्लोराइड नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त मोडली. दाट हाड झालं, पण कच्चं झालं. त्यामुळे ‘आमच्या अर्काने घनता वाढते’ असं कुणी सांगितलं की लगेच विचारायचं : हाडं मोडायची कमी झाली का?

हा एक प्रश्न लावला की बाजारातल्या निम्म्याहून अधिक दाव्यांची हवा जाते. वनस्पतीजन्य पदार्थांच्या बाबतीत त्याचं उत्तर आजपर्यंत एकच आहे. अमुक वनस्पतीच्या अर्काने खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण कमी झालं, असं हजारो माणसांवरच्या मोठ्या चाचणीत कुणीही दाखवलेलं नाही. ‘उपयोग नाही’ असं सिद्ध झालं, असा याचा अर्थ नाही. तशी चाचणी झालेलीच नाही. पेटंट घेता येत नाही अशा पाल्यासाठी कोट्यवधी रुपये कोण घालणार? वनस्पतींची बाजू खरीच इथे लंगडी पडते. पण म्हणून नसलेला पुरावा आहे असं धरून चालत नाही.

जे पुरावे आहेत त्यात सगळ्यात भरगच्च प्रकरण सोयाबीनचं. आपलं हाड आयुष्यभर मोडून बांधलं जात असतं. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवं भरतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्यांना आवर घालून असतं. पाळी गेली की ते घटतं आणि पोखरण्याचा वेग भरण्याच्या पुढे जातो. सोयाबीनमधली आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं, विशेषतः जेनिस्टीन आणि डायडझीन, रचनेने इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती आहेत. इस्ट्रोजेनच्याच ग्राहींवर (रिसेप्टरवर) ती जाऊन बसतात, परिणाम मात्र सौम्य असतो. २००२ साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासातून संप्रेरकांच्या गोळ्यांचे धोके पुढे आले, स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात यांची भीती पसरली आणि जगभर बायकांनी त्या गोळ्या टाकल्या. त्याच अभ्यासात खुबा मोडण्याचं प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटलं होतं, हे मात्र फार कुणाच्या लक्षात राहिलं नाही. संप्रेरकांची ती रिकामी जागा सोयाने पटकावली.

आणि सुरुवात झोकात झाली. २००७ मध्ये इटलीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या ३८९ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना. दोन वर्षांनी जेनिस्टीनवाल्यांची घनता वाढलेली आणि दुसऱ्या गटाची घटलेली. पोटाच्या तक्रारी जेनिस्टीन गटात जास्त होत्या, पण निकाल डोळ्यांत भरण्यासारखा होता.

मग २०११ उजाडलं. अमेरिकेत मायामीला २४८ स्त्रियांवर तशीच दोन वर्षांची चाचणी झाली, रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेवोन देऊन. मणक्यांची घनता सोया गटात २.० टक्के घटली, नुसती गोळी घेणाऱ्यांत २.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. वर गंमत अशी की अंगातून येणाऱ्या ज्या वाफा कमी व्हाव्यात म्हणून बायका सोया घेतात, त्या वाफांची तक्रार सोयावाल्यांत जास्त निघाली. इतर दोन-तीन मोठ्या चाचण्यांचं उत्तर अधलंमधलं आलं : एखाद्या ठिकाणच्या हाडाला किंचित फायदा, बाकी जैसे थे.

एकाच पदार्थाची दोन तोंडं अशी का? एक कारण म्हणजे शुद्ध जेनिस्टीन आणि सगळ्या आयसोफ्लेवोनांचं मिश्रण या एकच गोष्टी नाहीत. मायामीच्या स्त्रियांची पाळी नुकतीच गेलेली होती, तेव्हा झीज सर्वांत वेगात असते आणि सौम्य द्रव्याला ती रोखता येत नाही, हेही असू शकेल. तिसरं कारण आतड्यात आहे. डायडझीनपासून काही जणांच्या आतड्यातले जिवाणू इक्वॉल नावाचं जास्त प्रभावी द्रव्य तयार करतात. जपान-चीनमधल्या निम्म्याहून अधिक माणसांना ही सोय असते, पाश्चात्त्य देशांत सुमारे चौथ्या हिश्श्याला. म्हणजे शेजारणीला लागू पडलं म्हणून तुम्हाला पडेलच, असं सोयाबाबत तरी धरू नका.

सोयाच्या साखळीतच इप्रिफ्लेवोन येतं. आयसोफ्लेवोनाच्या सांगाड्यावर प्रयोगशाळेत बेतलेलं हे द्रव्य काही देशांत हाडांचं औषध म्हणून विकलंही जायचं. २००१ मध्ये ४७४ स्त्रियांवरच्या चाचणीत त्याचा हाडांना काही उपयोग दिसला नाही, उलट २९ जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटल्या. परदेशातून नातेवाईक आणतात त्या ‘बोन सपोर्ट’ बाटल्यांवर हे नाव अजूनही कधी सापडतं. सापडलं तर बाटली बाजूला ठेवा.

एका खाद्यपदार्थाचं नाव मात्र आदराने घ्यायला हवं, ते म्हणजे प्रून. सुकवलेल्या आलुबुखारांसारखं हे फळ आता आपल्याकडे सुक्या मेव्याच्या दुकानात मिळतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने पाळी गेलेल्या २३५ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. प्रून न खाणाऱ्यांच्या खुब्याची घनता १.१ टक्के घटली, रोज ५० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा प्रून खाणाऱ्यांची फक्त ०.३ टक्के. १०० ग्रॅमवाल्या गटातल्या ४१ टक्के स्त्रियांनी मधेच अभ्यास सोडला, रोज एवढे प्रून खाववतात कुणाला? फायदा छोटा आहे, घनता जपण्यापुरता आहे, हाड मोडण्याचा हिशेब इथेही झालेला नाही. तरी खिशाला परवडत असेल आणि मधुमेह नसेल तर हा बाटलीपेक्षा बरा खर्च. मधुमेह असेल तर त्यातली साखर जेवणात मोजून धरावी लागेल.

आता आपल्या घरची हाडसांधी. चौधारी, हिरवी, कांड्याकांड्यांची ही वेल कुंपणावर चढलेली तुम्ही पाहिली असेल. कांडी तोडून टोचली तरी तग धरते. चिरताना हाताला तेल लावावं लागतं, नाहीतर खाज सुटते, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे अणकुचीदार स्फटिक असतात. तमिळ घरांत याच वेलीची ‘पिरंडै’ म्हणून चिंच घालून चटणी करतात. आयुर्वेदात ती अस्थिसंहार, आणि लाक्षादी गुग्गुळातला एक घटक. बनारस हिंदू विद्यापीठातले शल्यविशारद के. एन. उडुप आणि त्यांचे सहकारी प्रसाद यांनी १९६४ साली तिच्यावर प्रयोग केले. प्राण्यांचं मोडलेलं हाड जुळताना कॅल्शियम किती आणि किती लवकर साचतं हे त्यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून मोजलं. हाडसांधीने जुळणी लवकर होते असं त्यांना दिसलं. त्या काळातलं हे काम अभिमान वाटावा असंच आहे.

पण पुढे काय झालं? बीजकोश काढलेल्या उंदरांवर बरेच प्रयोग झाले, घनता टिकल्याचं दिसलं. माणसांत जबड्याच्या मोडलेल्या हाडावर मोजक्या रुग्णांचे अभ्यास झाले. ऑस्टिओपेनिया असलेल्या स्त्रियांवर काही महिन्यांची चाचणीही झाली, तिच्यात रक्तातले झिजेचे निर्देशक उतरले, घनता मात्र हलली नाही. आणि मोडलेलं हाड जुळणं ही एक गोष्ट, वर्षानुवर्षं चालणारी झीज थांबणं ही दुसरी. पहिलीचा पुरावा दुसरीच्या जाहिरातीत लावला जातो, तिथे सावध राहायचं. मनगट मोडून प्लास्टर घातलंय आणि वैद्यांनी लाक्षादी गुग्गुळ दिलाय तर माझा आक्षेप नाही. टी-स्कोअर उणे ३ आहे आणि भिस्त फक्त हाडसांधीवर आहे, तर आहे.

उंदरांबद्दल थोडं. उंदराला माणसासारखी पाळी नसते, बीजकोश काढून पाळी जाण्याची नक्कल करतात. औषध बहुधा शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू होतं, म्हणजे झीज होण्याआधीच. आपण मात्र झीज झाल्यावर जागे होतो. मात्राही वजनाच्या हिशेबात भरमसाट असते. काचेच्या बशीतल्या पेशींवरचे प्रयोग तर याहून फसवे. हळदीतलं करक्युमिन बशीत हाड पोखरणाऱ्या पेशींना चांगलंच आवरतं, पण पोटातून रक्तात इतकं कमी उतरतं की बशीतली पातळी शरीरात गाठणं अवघड. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शिसमाच्या पानांवर केलेलं काम, हाँगकाँगला एपिमेडियम या चिनी वनस्पतीच्या द्रव्यांवर शंभर स्त्रियांत झालेली चाचणी, ऑस्ट्रेलियात द्राक्षांतल्या रेसव्हेराट्रॉलवरची चाचणी, ही सगळी आशा वाटावी अशी पण अर्ध्या वाटेवरची कामं. ग्रीन टीच्या अर्काने वर्षभरात घनतेत फरक पडला नाही, हे मिनेसोटातल्या चाचणीत स्पष्ट दिसलं.

‘घेऊन बघायला काय हरकत आहे, झाडपालाच तर आहे’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. हरकत आहे, आणि ती इथे सविस्तर सांगायला हवी.

सगळ्यात वाईट प्रकार सांधेदुखीच्या निनावी पुड्यांचा. आठवड्यात गुडघे मोकळे होतात, भूक सपाटून लागते, महिन्या-दोन महिन्यांत गाल वर येतात, चेहरा गोल दिसायला लागतो. असं झालं तर त्या पुडीत स्टेरॉइड आहे असा दाट संशय घ्या. भारतात अशा भेसळीची प्रकरणं वारंवार उघडकीस येतात. तीन महिने रोज घेतलेलं स्टेरॉइड हाडं पोखरतं, म्हणजे सांध्यांसाठी घेतलेली पुडी हाडंच खाते. पण एकदम बंदही करू नका. शरीराला सवय लागलेली असते, अचानक थांबवणं धोक्याचं ठरू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुसरं शिशाचं. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शरीरात गेलेलं शिसं हाडातच साठून राहतं आणि झीज वाढली की पुन्हा रक्तात येतं. म्हणून उत्पादकाकडे जड धातूंच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा. चांगला उत्पादक ते दाखवतो, टाळाटाळ करणाऱ्याचा माल घेऊ नका.

मग तुमच्या इतर गोळ्या. थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोया आणि कॅल्शियम दोन्ही तिचं शोषण अडवतात, कॅल्शियमच्या गोळीत निदान चार तासांचं अंतर हवं. अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरकं वाढल्याच्या नोंदी आहेत आणि वाढलेलं थायरॉइड हाडं झिजवतं. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त गोठू न देणारी गोळी चालू असेल तर के जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल परस्पर घेऊ नयेत, पालेभाजीही एक दिवस भरपूर आणि चार दिवस नाही असं करू नये. स्तनांचा कर्करोग होऊन गेला असेल तर सोयाचं दूध किंवा टोफू वेगळं आणि एकवटलेल्या आयसोफ्लेवोनच्या गोळ्या वेगळ्या, त्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोतच. हळदीच्या अर्कात मिरीचं द्रव्य मिसळलेल्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. भाजीतल्या हळदीबद्दल हे नाही.

तरीही बाटली घ्यायचीच असेल तर लेबल उलटून मागची बाजू वाचा. वनस्पतीचं नाव, तिचा कोणता भाग, अर्क की नुसती भुकटी, आणि मुख्य द्रव्य प्रत्येक गोळीत किती मिलिग्रॅम, एवढं लिहिलेलं असलं पाहिजे. ‘मालकीचं खास मिश्रण’ असं लिहून आकडे लपवले असतील तर परत ठेवा. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असेल तर कायद्याच्या लेखी तो अन्नपदार्थ आहे, रोग बरा करण्याचा दावा त्याला करता येत नाही. विक्रेता ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणाला तर तीन गोष्टी विचारा. माणसांवर की उंदरांवर? किती महिने? मोजलं काय? सहा महिन्यांत टी-स्कोअर सुधारल्याची कहाणी सांगणारा बहुधा दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे ताडून बघत असतो.

वनस्पतींचा खरा, निर्विवाद उपयोग ताटात आहे. रजोनिवृत्त स्त्रीला दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस सांगते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीत पावणेदोनशे. मोड आणले किंवा आंबील केलं तर ते अंगी जास्त लागतं. तीळ घ्यायचे तर सालीसकट, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळांत कॅल्शियम फारच थोडं उरतं. पालकाच्या कॅल्शियमवर मात्र जाऊ नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे जेमतेम पाच टक्के शोषलं जातं, दुधातलं पंचवीस-तीस टक्के. मेथी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कोबी त्यापेक्षा बरी. डाळ, कडधान्यं, दही यातून प्रथिनं पुरेशी जायला हवीत, आपल्या ताटात ती हमखास कमी पडतात. ड जीवनसत्त्व ताटातून पुरेसं मिळत नाही, त्यासाठी ऊन किंवा डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक म्हणून वर्षानुवर्षं चालू ठेवणारे लोक आहेत, तेही बरोबर नाही. आणि नुसत्या चालण्यावर थांबू नका. हाडाला वजन उचलण्याचा ताण लागतो, तो मात्र शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली.

राहिली औषधं. त्यांच्याबद्दलची भीती बाटल्यांच्या खपाला फार मदत करते. झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुमारे ७,७०० स्त्रियांत तीन वर्षं तपासलं गेलं. २००७ मध्ये आलेल्या निकालात मणके मोडण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुब्याचं ४१ टक्क्यांनी घटलं. ॲलेंड्रोनेटच्या गोळीने मणका आधीच मोडलेल्या स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग निम्म्यावर आले. जबड्याच्या हाडाची इजा, मांडीचं हाड विचित्र ठिकाणी मोडणं हे दुष्परिणाम खरे आहेत, पण विरळा आहेत, आणि म्हणूनच काही वर्षांनी डॉक्टर औषधाला सुट्टी देतात. डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन मात्र परस्पर सोडू नका. ते चुकलं की झीज उसळी मारते आणि मणके मोडू शकतात. ते बंद करून वनस्पतीच्या बाटलीवर जाणं ही या सगळ्यातली सर्वांत धोक्याची अदलाबदल आहे.

तेव्हा तुमचा टी-स्कोअर उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल, हाड कधी मोडलं नसेल आणि स्टेरॉइड चालू नसेल, तर डॉक्टरांना सांगून प्रून, सोया किंवा वैद्यांच्या देखरेखीखाली हाडसांधी घेऊन बघायला जागा आहे. दोन वर्षांनी त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर डेक्सा पुन्हा करा आणि मग ठरवा. पण उभ्या उंचीवरून पडून मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल, उंची दीड-दोन इंचांनी कमी झाली असेल किंवा पाठीला बाक येऊ लागला असेल, तर आकडा काहीही असो, या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या बाटल्या-पुड्या पिशवीत घालून सोबत न्या.